पॅरा एकोणीस

न्यायाधीश निकाल लिहितात आणि वकील तो वाचत नाहीत. या दोघांच्या मधे एक माणूस बसलेला असतो. तो निकाल पूर्ण वाचतो आणि त्याचं सार पाच-सहा ओळींत वर लिहून ठेवतो. त्या ओळींना हेडनोट म्हणतात. वकील हेडनोट वाचतो, कोर्टात तीच वाचून दाखवतो, समोरचे न्यायाधीश ती ऐकून पुढचा निकाल लिहितात, आणि न्यायदानाचा गाडा पुढे सरकतो. कोर्टांचे निकाल छापणाऱ्या आमच्या साप्ताहिकात हा मधला माणूस म्हणजे कुप्पुस्वामीराव. एग्मोर स्टेशनसमोरच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, पंख्यापासून मुद्दाम चार हात लांब ते बसत. पंख्याखाली कागद उडतात, आणि उडालेल्या कागदांचा क्रम चुकला तरी काही निकाल तसेच वाचता येतात, हे त्यांना एकदा आढळलं होतं. तेव्हापासून त्यांनी पंख्याचा धसका घेतला होता.

मी साताऱ्याची. नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून चेन्नईला आले, कायद्याची पदवी ट्रंकेत घालून. ती ट्रंकेतच राहिली असती, पण साप्ताहिकाला उपसंपादक हवा होता आणि पगार ऐकून दुसरं कोणी आलं नव्हतं. मुलाखतीत माझं आडनाव ऐकताच कुप्पुरावांनी चष्मा कपाळावर चढवला.

"आपण मराठी की काय? बसा अम्मा, बसा. आमचेही पूर्वज तिकडूनच आले. तीनशें वर्षें झालीं असतील. परत जावयाचें राहून गेलें."

पूर्वज तंजावरला आले तेव्हा जी मराठी बरोबर आणली, तीच घराण्यात चालू होती. 'कोठें', 'तेथें', 'म्हणोन' असं ते सहज बोलत. मला आमच्या पणजोबांच्या खरेदीखताशी गप्पा मारल्यासारखं वाटे, फक्त हे खरेदीखत मधेच 'अय्यो' म्हणे. त्यांना माझी मराठी वर्तमानपत्रासारखी वाटे. हे ते कौतुकाने म्हणत नसत.

मुलाखत म्हणजे साठ पानांचा एक निकाल माझ्या हाती देऊन ते कॉफीला गेले. मी जीव तोडून हेडनोट लिहिली. न्यायालयाने काय ठरवलं, ते अगदी घोटीव वाक्यात मांडलं. परत आल्यावर त्यांनी ती वाचली, निकालाची पानं उलटली, आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "येथें कोण बोलतो?"

"न्यायाधीश," मी म्हणाले.

"मागचें पान पहा."

मागच्या पानावर साक्षीदाराची उलटतपासणी सुरू झाली होती. ती माझ्या ओळीपर्यंत संपलेली नव्हती.

"हा मनुष्य ऑटो चालवतो," कुप्पुराव शांतपणे म्हणाले. "त्याचें म्हणणें तुम्ही कायदा म्हणून लिहिलें. कायदा सुधारला असता, यांत शंका नाही. पण आपणांस तें छापतां येत नाही."

नोकरी मिळाली. आणि त्या दिवसापासून सात वर्षं 'कोण बोलतो?' हे दोन शब्द माझ्या मागे लागले. निकालपत्र ही चमत्कारिक चीज असते. त्यात वादीचं म्हणणं असतं, प्रतिवादीचं असतं, साक्षीदारांचं असतं, दोन्ही वकिलांचं असतं, खालच्या कोर्टाचं असतं, आणि दुसऱ्या निकालांतून उचललेले लांबच लांब उतारे असतात. या गर्दीत न्यायाधीश कुठेतरी दोन शब्द बोलून जातात. ते नेमके कुठे बोलले, हे शोधणं म्हणजे आमचा धंदा. कुप्पुराव हे काम टोकदार पेन्सिलीने करत. समासात प्रत्येक परिच्छेदासमोर एक अक्षर मांडत जात: वकील असेल तर 'व', साक्षीदार असेल तर 'सा', उतारा असेल तर 'उ', आणि न्यायाधीश बोलले तर 'न्या'. एका ब्याण्णव पानी निकालात त्यांना 'न्या' फक्त दीड पान सापडला. तो निकाल वर्तमानपत्रांनी ऐतिहासिक ठरवला होता. कुप्पुरावांनी ते मान्य केलं. एवढी पानं आणि एवढं मौन एकत्र पूर्वी कधी आलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं.

हेडनोटखाली कधी कधी ते संपादकीय टीप लिहीत. ती वाचायला जुने वकील अंक घेत. कायद्याच्या जगात कोणाला चूक म्हणायचं नसतं, आदर दाखवायचा असतो. कुप्पुरावांनी त्या आदराच्या तीन पायऱ्या ठरवून घेतल्या होत्या. 'आदरपूर्वक' म्हणजे न्यायाधीशांचा पाय घसरला आहे. 'अत्यंत आदरपूर्वक' म्हणजे पडले आहेत. 'परमादरपूर्वक' म्हणजे पडले ते पडले, वर तिथेच झोपले आहेत. ही सवय ऑफिसाबाहेरही सुटत नसे. कोपऱ्यावरच्या मेसमध्ये एकदा त्यांनी वाढप्याला जवळ बोलावून अस्सल तमिळमध्ये सांगितलं की परमादरपूर्वक, हे रसम नव्हे. वाढप्या खूष झाला आणि त्याने आणखी वाढलं.

न्यायाधीशांचंही तसंच व्हायचं. एका निकालाखाली त्यांनी लिहिलं होतं, 'या निष्कर्षाची कारणे विद्वान न्यायमूर्ती पुढील एखाद्या निकालात देतील, अशी आशा करण्यास जागा आहे.' चार महिन्यांनी ते न्यायमूर्ती निवृत्त झाले आणि पेढ्यांचा पुडा घेऊन जातीने आमच्या ऑफिसात हजर. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडून कोणी आशा केली असेल तर तुमच्या साप्ताहिकाने, असं म्हणून त्यांनी पुडा टेबलावर ठेवला. कुप्पुराव उभे राहिले, हात जोडले, आणि ते गेल्यावर बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत बसले. "अम्मा," ते शेवटी म्हणाले, "थट्टा समजण्यासाठींही निकाल वाचावा लागतो." त्या दिवशी त्यांनी पेढा खाल्ला नाही.

'निकाल कोणीही देतो, कारण दाखवा,' हे त्यांचं दुसरं पालुपद. साप्ताहिकाचे मालक सारंगपाणी पगारवाढ नाही म्हणाले तर कुप्पुराव चिडत नसत, फक्त कारण लेखी मागत. ते कधी मिळालं नाही, आणि ते मागायचे कधी थांबले नाहीत. या नियमाला सबंध शहरात एकच अपवाद होता, आणि तो त्यांच्या घरात राहात होता.

ती त्यांची थोरली बहीण, अक्का. दोघंही एकटी. तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत जुन्या घराचा मागचा भाग त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी भाड्याने घेतला होता. पुढच्या भागात पूर्वी बिऱ्हाडं होती, नंतर मालकाने ती एकेक करून रिकामी केली. अक्कांची नजर बारा वर्षांपूर्वी जायला लागली आणि वर्षभरात पुरती गेली. पण त्या घरात त्या आंधळ्या आहेत हे नव्या माणसाला दोन तास कळत नसे. डावा हात भिंतीवर ठेवून त्या स्वयंपाकघरातून न्हाणीकडे, न्हाणीतून अंगणातल्या विहिरीकडे, विहिरीवरून ओसरीवर सरळ चालत. ज्या उंचीवरून त्यांचा हात जाई, तिथे चुन्याला गुळगुळीत पट्टा पडला होता. फिल्टर कॉफी त्या डबरा नावाच्या पसरट वाटीतून पेल्यात हातभर उंचीवरून ओतत आणि थेंब सांडत नसत. घराबाहेर मात्र त्या पाऊल टाकत नसत. बाहेर भिंत नाही, असं त्या म्हणत.

कुप्पुराव त्यांना 'वरचें कोर्ट' म्हणत. अक्का निकाल देत, कारण देत नसत. आज वांगं नाही. ती छत्री नेऊ नको. या मुलीला जेवल्याशिवाय सोडायचं नाही. ही मुलगी म्हणजे मी, वय तेव्हा त्रेचाळीस. कुप्पुराव माझ्याकडे बघून हळूच म्हणत, "वरचें कोर्ट कारण देत नाही. वर अपील नसतें ना, म्हणोन." स्वयंपाकघरातून उत्तर येई, "ऐकूं येतें मला."

मग मालकाने ते घर पाडून तिथे लॉज बांधायचं ठरवलं आणि कुप्पुरावांवर घर खाली करण्याचा दावा लावला.

एका दुपारी त्यांचे वकील श्रीवत्सन हसत हसत ऑफिसात आले. तरुण, चुणचुणीत, हातात फोन. "सार, दावा जिंकलोच म्हणून समजा. अगदी आपल्या बाजूचा हायकोर्टाचा निकाल सापडलाय. जुन्या भाडेकरूला घर पाडण्यासाठी काढायचं असेल, तर मालकाने आधी त्याला त्याच भागात राहण्याजोगी दुसरी जागा दाखवली पाहिजे. अकरा वर्षं सगळी कोर्टं हा निकाल मानतायत. मजा म्हणजे तुमच्याच साप्ताहिकात आलाय."

कुप्पुरावांनी फोन हातात घेतला, हेडनोट वाचली आणि विचारलं, "निकाल वाचला?"

"हेडनोट तुमची आहे, सार. आणखी वाचायचं कशाला?"

याहून मोठी स्तुती त्यांच्या वाट्याला कधी आली नसेल, आणि ती ऐकून त्यांचा चेहरा मात्र उतरला. त्यांना तो निकाल नीट आठवत नव्हता. न आठवणारा निकाल स्वतःच्या दाव्यात वापरायचा नाही, म्हणून त्यांनी त्या वर्षाचा बांधीव खंड कपाटातून काढायला मला सांगितलं. तो जड होता आणि त्यांची पाठ धरली होती, म्हणून मीच तो तिरुवल्लिकेणीला पोचवला.

अक्का ओसरीवर पाय पसरून शेंगा सोलत होत्या. कुप्पुरावांनी खंड मांडीवर घेतला आणि अक्कांसाठी इंग्रजीचं मराठी करत मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आपल्या दाव्याचं काय चाललंय ते अक्कांना कळावं एवढाच हेतू होता. हेडनोटने दाखवलेल्या जागेपासून: अकरावा, बारावा, तेरावा परिच्छेद. माणूस चाळीस वर्षं एका घरात राहिला की त्या घरावर त्याचा नुसता पाय नसतो, त्याचं आयुष्य त्या भिंतींना लागलेलं असतं. म्हातारपणी त्याला तिथून उपटून काढायचं, तर निदान जवळपास दुसरी माती दाखवली पाहिजे. फार सुंदर लिहिलं होतं. वाचताना कुप्पुरावांचा आवाज जरा ओला झाला होता.

"हा वकील," अक्का म्हणाल्या.

"नव्हे अक्का. हा न्यायाधीश."

"न्यायाधीश आपल्याला इतकें कसें ओळखेल? हा कोणासाठीं तरी बोलतो रे कुप्पू. न्यायाधीश कोणासाठीं बोलत नाही." आणि त्यांनी पुढची शेंग उचलली.

कुप्पुराव हसले. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि बोट पानावर मागे सरकायला लागलं. बारावा. अकरावा. दहाव्या परिच्छेदाच्या सुरुवातीला ते वाक्य होतं: भाडेकरूच्या विद्वान वकिलांचे असे प्रतिपादन आहे की. तिथून पुढे साडेचार पानं वकीलच बोलत होते. अठराव्या परिच्छेदापर्यंत. न्यायाधीश एकोणिसाव्यात आले, आणि त्यांनी फक्त चार ओळी लिहिल्या होत्या. हे प्रतिपादन हृदयाला भिडणारे आहे, परंतु कायद्यात असे कोणतेही बंधन मालकावर नाही, त्यामुळे ते मान्य करता येत नाही.

अकरा वर्षं चेन्नईतली कोर्टं जो कायदा मानत होती, तो हरलेल्या वकिलाचा युक्तिवाद होता. कायदा केला होता कुप्पुस्वामीरावांनी.

ओसरीवर फक्त शेंगा मोडल्याचा आवाज येत होता. कुप्पुरावच बोलले, आणि माझ्याशी नव्हे, पुस्तकाशी बोलल्यासारखे. "त्या वर्षीं अक्काचे डोळे गेले. हें घर गेलें तर इला कोठें नेऊं, हेंच डोक्यांत होतें. हा युक्तिवाद आवडला मला. आवडला म्हणोन न्यायाधीशाचा वाटला."

दुसऱ्या दिवशी ते साप्ताहिकाच्या मालकांच्या खोलीत गेले. चूक छापायची, असं सांगितलं. सारंगपाणींनी आधी दार लावून घेतलं. साप्ताहिक आता ॲपवरही निघत होतं. तिथे हेडनोट गुपचूप बदलता येते, एक बटण दाबलं की झालं, कोणाला कळणार आहे, असं त्यांचं म्हणणं. कुप्पुराव म्हणाले की गुपचूप बदलली तर अकरा वर्षं आपण बरोबर होतो असं होईल, म्हणजे चूक एक आणि खोटं दोन. सारंगपाणींनी मग खरं कारण सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुप्पुरावांना कारण दिलं.

"एक कबूल केली, तर लोक विचारतील आणखी किती आहेत."

"विचारोत," कुप्पुराव म्हणाले. "मीही तेंच विचारतो आहें."

अखेर शुद्धिपत्र छापलं गेलं. अनुक्रमणिकेच्या शेवटी, बारीक टाईपात, पण पूर्ण: हेडनोट चुकीची आहे, युक्तिवादाला निर्णय समजले गेले, पाहा पॅरा एकोणीस. आठवडाभर सारंगपाणी फोन वाजला की दचकत. एकही फोन आला नाही. पत्र नाही, ईमेल नाही. दुसऱ्या आठवड्यात ते इतके निर्धास्त झाले की म्हणाले, कुप्पुराव, त्या जागेत हवं ते छापत जा. तिसऱ्या आठवड्यात एका कोर्टाने तीच जुनी हेडनोट पुन्हा मान्य केली, आणि तो निकाल हेडनोट लिहिण्यासाठी कुप्पुरावांच्याच टेबलावर आला.

त्यांच्या दाव्याच्या तारखेला मी मुद्दाम रजा काढून कोर्टात गेले. श्रीवत्सनना कुप्पुरावांनी सगळं सांगितलं होतं आणि तो निकाल वापरू नका म्हणून बजावलं होतं. श्रीवत्सननी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि कोर्टात उभं राहिल्याबरोबर पहिली तीच हेडनोट वाचली. पक्षकाराच्या भल्याचं पक्षकाराला कळत नाही, हे वकिलांना पहिल्या वर्षीच शिकवत असावेत. समोरच्या वकिलांनी तो निकाल चुकीचा आहे असं म्हटलं नाही, कारण तेही हेडनोटच वाचून आले होते. त्या प्रकरणातला भाडेकरू वरच्या मजल्यावर राहात होता आणि हा तळमजल्यावर, तेव्हा तो निकाल इथे लागू नाही, एवढंच त्यांनी दहा मिनिटं मांडलं.

मागच्या बाकावरून कुप्पुराव उभे राहिले. "युवर ऑनर, पॅरा एकोणीस वाचावा."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण कोण?"

"प्रतिवादी."

"आपले वकील उभे आहेत ना? बसा."

कुप्पुराव बसले. कोर्ट उठल्यावर त्यांनी पिशवीतून निकालाची झेरॉक्स काढली. एकोणिसाव्या परिच्छेदाला पेन्सिलीने चौकट केली होती. ती त्यांनी मालकाच्या वकिलांच्या हातात दिली. त्या गृहस्थांनी कागद पुढून पाहिला, मागून पाहिला, आणि मग कुप्पुरावांकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना. प्रतिवादी स्वतःहून आपल्या हातात शस्त्र देतो, म्हणजे यात काहीतरी सापळा आहे, हे त्यांनी ओळखलं. कागद त्यांनी सभ्यपणे परत केला. "आम्ही आमच्या पद्धतीने चालवू," ते म्हणाले.

निकाल कुप्पुरावांच्या बाजूने लागला. एकतीस पानं. प्रत हातात आल्यावर सवयीप्रमाणे त्यांनी पेन्सिल घेतली आणि समासात अक्षरं मांडायला सुरुवात केली. व, व, सा, उ, उ, व. तेविसाव्या पानावर त्यांची स्वतःची हेडनोट शब्दशः होती, अवतरणचिन्हांशिवाय, 'हे तत्त्व आता सुस्थापित आहे' अशा सुरुवातीसह. एक स्वल्पविराम गाळला होता तेवढा. त्यापुढे हात थांबला. मी टेबलाच्या या बाजूने बघत होते. 'न्या' लिहितील असं मला वाटलं, 'उ' लिहितील असंही वाटलं. त्यांनी 'कु' लिहिलं.

"सबंध निकालांत ठरवणारा एवढाच पॅरा," ते म्हणाले, "आणि येथें मी बोलतो. अम्मा, आपल्याच दाव्यांत मनुष्याने न्यायाधीश होऊं नये. हें कायद्याचें पहिलें पान. या दाव्याचा निकाल मीच दिला."

"मग काय करणार?"

"घर सोडणार."

मला राग आला. तो मी लपवला नाही. म्हटलं, तुम्ही चूक छापलीत, कोर्टात उभे राहिलात, विरोधी वकिलाच्या हातात कागद दिलात. कोणी वाचत नाही यात तुमचा दोष काय? मालक लॉज बांधणार आहे, धर्मशाळा नाही. आणि अक्कांचं काय? नव्या जागेत त्या भिंत कुठून आणतील? तुमच्या पॅरा एकोणीसची किंमत त्यांनी का भरायची?

शेवटच्या प्रश्नावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. संध्याकाळी त्यांनी मला बरोबर घरी नेलं, बहुधा एकट्याने सांगायचा धीर नव्हता म्हणून. अक्का ओसरीवरच होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठल्या, हात भिंतीला लावला, स्वयंपाकघरापर्यंत गेल्या, विहिरीपर्यंत गेल्या, परत आल्या. बसताना म्हणाल्या, "जाऊं."

कुप्पुरावांनी विचारलं, "अक्का, कारण?"

"वरचें कोर्ट कारण देत नाही," अक्का म्हणाल्या, आणि आमच्यासाठी कॉफी करायला आत गेल्या.

शहराच्या पार टोकाला, सिरुसेरीच्या पलीकडे एका नव्या इमारतीत पाचव्या मजल्यावर त्यांना दोन खोल्या मिळाल्या. मी आधी जाऊन बघून आले. भिंती गुळगुळीत, सगळ्या सारख्या, हाताला काहीच सांगत नाहीत अशा. लिफ्टची बटणंसुद्धा सपाट होती.

निघण्याच्या दिवशी मी सकाळीच पोचले. सामान टेम्पोत चढलं होतं. किल्ली घ्यायला घरमालक आले होते, पन्नाशीचे, सोन्याच्या काड्यांचा चष्मा लावलेले, आणि अतिशय धास्तावलेले. जिंकलेला भाडेकरू घर सोडून का जातो, हे त्यांना महिनाभर उलगडलं नव्हतं. विहिरीत काही निघालं का, असंही त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. त्यांच्या वकिलांनी सगळं लेखी घ्यायला सांगितलं होतं. छापील कागदावर कुप्पुरावांचं नाव होतं, पत्ता होता, आणि खाली एक रिकामी ओळ: जागा सोडण्याचे कारण.

ती ओळ पाहून कुप्पुरावांचा चेहरा उजळला. आयुष्यभर ते जे मागत होते, ते शेवटी त्यांच्याकडेच कोणीतरी मागितलं होतं. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, मग विचार बदलून मालकांचं पेन मागून घेतलं, आणि ओसरीच्या कठड्यावर कागद ठेवून इंग्रजीत लिहिलं. मी मागून वाचलं. 'निकाल माझ्या बाजूने लागला. कारणे मालकाच्या बाजूने होती.' खाली तारीख आणि सही.

मालकांनी ते दोनदा वाचलं. "हे आमच्या वकिलांना दाखवावं लागेल," ते म्हणाले.

"दाखवा," कुप्पुराव म्हणाले. "पण वाचावयास सांगा."

तेवढ्यात अक्का आतून निघाल्या. डावा हात भिंतीवर, नेहमीच्या चालीने, त्या गुळगुळीत पट्ट्यावरून. स्वयंपाकघर, माजघर, ओसरी. त्या आल्या त्या थेट उंबऱ्यापर्यंत. तिथे भिंत संपली. त्यांनी एक पाऊल बाहेर टाकलं आणि हात पुढे गेला तो मोकळ्या जागेत तसाच राहिला, खांद्याच्या उंचीवर, बोटं पसरलेली. मी पुढे होणार होते. कुप्पुरावांनी त्याआधीच कागद मालकांच्या हातात कोंबला, दोन ढांगांत पायरी उतरले, अक्कांच्या पुढे पाठ करून उभे राहिले आणि आपला खांदा त्या हाताखाली आणून ठेवला.

अक्कांची बोटं शर्टावरून फिरली. "कोण?"

"प्रतिवादी," कुप्पुराव म्हणाले.

"चल," अक्का म्हणाल्या. आणि दोघं टेम्पोपर्यंत तशीच एकामागे एक चालत गेली, रस्त्याच्या अगदी मधून.